आधी वायर मोजा

दहा मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल हा विकायचा माल नाही आणि घ्यायचाही नाही. तरी ती दुकानात खुशाल टांगलेली असते, ऑनलाइन तर पंधरा-वीस मीटरचीही मिळते, आणि सेवा केंद्रापासून शाळेपर्यंत भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून ती बिनधास्त फिरवलेली असते. २००० साली यूएसबी २.० चं नियमपुस्तक निघालं. त्यात मनाई असलेल्या केबलींचा वेगळा भाग आहे. एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट असलेली, दुकानात जिला मेल-फीमेल म्हणतात ती केबल त्या भागात स्पष्ट शब्दांत आहे. संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये एकच सलग केबल, जास्तीत जास्त पाच मीटर, एवढाच नियम. माऊस-कीबोर्डसारख्या धिम्या उपकरणांना तर तीनच मीटर.

हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. त्याला सांगितलं जातं ते वेगळंच. ‘मशीन गेलंय.’ ‘विंडोज नवीन टाकावं लागेल.’ ‘मॅडमना वापरता येत नाही.’ आणि खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं जातं, ‘आजी, तुमचं बोटच उमटत नाही.’

या शेवटच्या वाक्याचा मला खरा राग आहे, म्हणून तिथूनच धरतो.

सेवा केंद्रात संगणक आत, टेबलाखाली. ठसा घ्यायचं यंत्र बाहेर, खिडकीच्या फळीवर, कारण माणसं बाहेर रांगेत. यंत्राची स्वतःची वायर जेमतेम मीटरभर. ती पुरत नाही म्हणून एक एक्स्टेन्शन, तीही पुरत नाही म्हणून तिला दुसरी, सांध्यावर काळी टेप. उरलेलं भेंडोळं पंख्याच्या वायरीसोबत रबरबँडनं बांधून कपाटामागे. असा थाट एखाद्याच केंद्रात असतो असं नाही.

आता यंत्राच्या आत काय होतं ते बघा. काचेखाली एलईडी असतात आणि छोटा कॅमेरा. यंत्र नुसतं पडून असतं तेव्हा वीज कमी ओढतं. बोट ठेवलं की एलईडी उजळतात, कॅमेरा चालू होतो, विजेची मागणी एकदम वाढते. वायर लांब आणि बारीक असेल तर नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. संगणकातून उपकरण निघाल्याचा आवाज येतो, लगेच जोडल्याचा येतो. हात कुणी लावलेला नसतो. रांगेतल्या माणसाला एवढंच दिसतं, की बोट ठेवलं आणि काम अडलं.

संगणक मात्र कारण सांगत असतो. आधारच्या ठशांच्या तपासणीत चुकांचे आकडे ठरलेले आहेत. ७२० आला तर यंत्रच तयार नाही. ३०० आला तर ठसा घेतला गेला, पुढे गेला आणि जुळला नाही. पहिला दोष खिडकीच्या आतला, दुसरा ठशाशी संबंधित. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि खिडकीबाहेर दोन्हींचा अर्थ एकच सांगितला जातो. वीटभट्टीवर, शेतात, धुण्याभांड्यात झिजलेली बोटं खरंच जुळत नाहीत, तो प्रश्न मोठा आहे आणि वेगळा आहे. पण ७२० चा दोष त्या बोटांवर टाकणं हा अन्याय आहे. त्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, परतीचं एसटीचं भाडं जातं, आणि आपल्याच शरीरात खोट आहे असं ऐकून ती घरी जाते. कशापायी? शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीपायी.

केंद्रचालकाला माझं सांगणं आहे. आकडा वाचा. ७२० वारंवार येत असेल तर एक्स्टेन्शन काढा, यंत्र थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा आणि तेच बोट परत घ्या. चाललं, तर आजींना बसायला खुर्ची द्या आणि वायरीचं बघा.

वायरीचं बघायचं म्हणजे काय? तिच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचायची. बऱ्या केबलवर ‘२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा माहिती नेणाऱ्या जोडीचा, दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. स्वस्त केबलमध्ये चारही तारा २८ च्या असतात, आणि काहींवर काही छापलेलंच नसतं. न छापलेली केबल घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या, नाहीतर तालुक्याच्या स्टँडसमोर घ्या, केबल हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिशेब अवघड नाही. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दहा मीटर केबल म्हणजे वीज दहा मीटर जाणार आणि दहा मीटर परत येणार, एकूण वीस मीटर, सव्वाचार ओहम. उपकरणानं २०० मिलिअँपिअर मागितले तर ०.८५ व्होल्ट वाटेतच संपले. निघताना पाच होते, पोचले ४.१५. यूएसबी २.० च्या नियमांत ४.४ व्होल्टपर्यंतची हमी आहे, त्याखाली उपकरण चाललं तर नशीब. आणि उपकरणानं आपला पूर्ण हक्क, म्हणजे ५०० मिलिअँपिअर मागितले तर पोचतात तीन व्होल्टपेक्षाही कमी. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तीच दहा मीटर केबल वीजतारांना २४ गेज वापरून केली, तर २०० मिलिअँपिअरला घट सुमारे एक तृतीयांश व्होल्टवर येते. वीज निभावली. पण तांबं खरं हवं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा भरपूर आहेत, सीसीए म्हणतात त्यांना. त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास. छापील गेज बरोबर असूनही हिशेब तिथे हुकतो.

वीज निभावली म्हणून काम झालं असंही नाही. माहितीची गोष्ट याहून नाजूक आहे.

यूएसबी २.० चा वरचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट. एका बिटच्या वाट्याला दोन नॅनोसेकंदांच्या जरा वर. संकेताला केबलमधून एक मीटर जायला पाच नॅनोसेकंद लागतात. म्हणजे दहा मीटरच्या केबलमध्ये एका वेळी वीसच्या वर बिट वाटेत असतात. माहितीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात, त्यांचा ९० ओहमचा मेळ जमवलेला असतो. जिथे सांधा येतो तिथे तो मेळ बिघडतो आणि संकेताचा थोडा भाग उलटा फिरतो. सांधा सैल, पिनेवर गंज, कोकणातली दमट हवा, सगळं त्यात भर घालतं. मूळ संकेत लांबीमुळे आधीच दमलेला असतो. चूक होते.

आणि इथेच ‘चालतंय की’ म्हणणारे फसतात. यूएसबी चुका पकडते. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत तपासणीचा आकडा जातो, तो जुळला नाही तर गठ्ठा पुन्हा पाठवला जातो. प्रिंटरचं, पेन ड्राइव्हचं काम असंच चालतं, त्यामुळे खराब केबलवरही छपाई होते, फाइल कॉपी होते, फक्त वेळ जास्त लागतो. पाहणारा म्हणतो, संगणक जुना झालाय. मग पावसाळ्यात सांधा आणखी बिघडतो, पुन्हा पाठवूनही जुळत नाही, तेव्हा पाटी येते: ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. लिनक्स वापरणाऱ्यांना उणे ७१ हा चुकीचा क्रमांक दिसतो, नाहीतर उणे ११०. पहिला म्हणजे बोलण्यात गोंधळ झाला, दुसरा म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. दोन्ही दिसले की सॉफ्टवेअर उकरण्याआधी केबल बदलून बघावी.

माईक आणि कॅमेऱ्याला तर ही दुसरी संधीही नाही. आवाज आणि चित्र ताजं हवं, म्हणून त्यांचा हरवलेला गठ्ठा पुन्हा पाठवायचाच नाही असं ठरलेलं आहे. तो गेला तो गेला. म्हणून सभागृहातल्या व्याख्यानाचं थेट प्रक्षेपण ऐकताना मध्येच टकटक येते, चित्राचा खालचा पट्टा फाटतो. घरून पाहणारे नेटला शिव्या घालतात. त्यातल्या काही शिव्या खांबामागून ओढलेल्या यूएसबी केबलच्या हक्काच्या असतात.

पाच मीटरची मर्यादा कुणा कारकुनानं मनात आलं म्हणून घातलेली नाही. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या त्यामागे होत्या आणि इंटेलमधल्या कामात वडोदऱ्यात शिकलेल्या अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. प्रिंटरला एक खाच, माऊसला दुसरी, मोडेमला तिसरी, जोडल्यावर संगणक बंद करून चालू करा, या जाचातून सामान्य माणूस सुटावा हा उद्देश. तो उद्देश जगभर साध्य झाला. ही टेबलावरच्या वस्तूंची जोडणी आहे आणि टेबलापुरती ती अव्वल आहे. तिच्यात संगणक विचारतो आणि उपकरण उत्तर देतं. उत्तरासाठी संगणक वाट किती बघणार, हे बांधलेलं आहे: वरच्या वेगाला सुमारे १.७ मायक्रोसेकंद, बस्स. एका केबलला २६ नॅनोसेकंद, मधल्या प्रत्येक हबला आपापला वाटा. असं जोडत गेलं तर पाच हब आणि सहा केबली, मिळून तीस मीटर. त्यापुढे संकेत कितीही मोठा करून पाठवा, उत्तर उशिरा पोचलं की ते ऐकायला कुणी थांबलेलं नसतं.

हे कळलं की उपायही दिसतो. यूएसबी लांबवायची नाही, दुसरं काहीतरी लांबवायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे संगणक हलवा. २३० व्होल्टची वायर दहा मीटर नेली म्हणून काही बिघडत नाही. खिडकीवर ठसा हवा असेल तर छोटा संगणक खिडकीशी आणा, नाहीतर ठशाचं यंत्र आखूड ओटीजी वायरीनं थेट फोनला किंवा टॅबला लावा. गावोगाव फिरणारे बँक मित्र तसंच करतात. त्यांच्याकडे वायर हातभर, म्हणून हे दुखणं नाही.

संगणक हलत नसेल आणि अंतर दहा-पंधरा मीटरचं असेल, तर चिप असलेली ॲक्टिव्ह केबल घ्या. तिच्या टोकाजवळ छोटा फुगवटा असतो, त्यात हबची चिप असते आणि ती संकेत नव्यानं उभा करते. मात्र ही चिप स्वतः वीज खाते, आणि संगणकाच्याच विजेवर चालणाऱ्या हबनं पुढच्या उपकरणाला १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त द्यायचं नसतं. म्हणून फुगवट्याच्या कडेला पाच व्होल्टच्या अडॅप्टरसाठी भोक ठेवलेलं असतं. बसवणारे ते भोक तसंच रिकामं सोडतात, अडॅप्टर डब्यात राहतो, आणि मग ‘ॲक्टिव्ह लावली तरी तेच’ असं म्हणतात. अडॅप्टर लावा. भोकच नसेल तर पलीकडच्या टोकाला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब बसवा.

त्याहून लांब जायचं तर नेटवर्कची केबल. ती शंभर मीटरसाठीच बनलेली आहे. प्रिंटर नेटवर्कचा घ्या, कॅमेरा नेटवर्कचा घ्या, यूएसबीचा प्रश्नच मिटला. उपकरण यूएसबीचंच हवं असेल, तर कॅट सिक्स केबलच्या दोन्ही टोकांना चिप आणि अडॅप्टर असलेले एक्स्टेंडरचे डबे मिळतात. चांगल्या डब्यांत संगणकाकडचा डबा स्वतःच संगणकाला वेळेत उत्तर देऊन थोपवून धरतो आणि लांबच्या डब्याकडून माहिती आली की पुढे करतो. ते महाग असतात आणि पैसे वसूल करतात. त्यांच्याच नावाखाली दीडशे रुपयांची जी जोडी मिळते, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला लॅनचं सॉकेट, तिच्यात चिप नसते. नुसत्या तारा जोडलेल्या. वर ‘पन्नास मीटर’ छापलेलं असतं. ती घेऊ नका, आणि घेतलीच असेल तर चुकूनही नेटवर्कच्या स्विचमध्ये खुपसू नका.

एक खर्च न होणारा मार्गही आहे. लिनक्समध्ये यूएसबी-आयपी नावाची सोय २०१४ पासून कर्नेलमध्येच आहे. उपकरणाजवळ रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक असेल तर तो ते उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला देऊ शकतो. प्रिंटर-स्कॅनरला छान, माईक-कॅमेऱ्याला नको.

दोन इमारतींमध्ये तांब्याची यूएसबी अजिबात ओढू नये. अर्थिंग दोन्हीकडे वेगळं, कुठे तर नावालाच. मग त्या दोन अर्थिंगमधला फरक केबलच्या जाळीतून वाहू लागतो आणि पोर्ट जळतात. नेटवर्कच्या जोडणीत दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते १५०० व्होल्टपर्यंतचा फरक अडवतात. यूएसबीत असं काहीच नसतं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की दोन इमारतींमध्ये फायबरच बरी.

निळ्या पोर्टची यूएसबी ३ असेल तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो: तांब्यात तीन मीटर म्हणजे पुष्कळ झालं, त्यापुढे ऑप्टिकल केबल. लांब केबलवर ती गुपचूप यूएसबी २ च्या वेगावर उतरते आणि मालकाला पत्ताही नसतो. आखूड एक्स्टेन्शन उपयोगी पडते तीही इथेच. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि शेजारच्या बिनतारी माऊसचा डोंगल बहिरा होतो. हा त्रास २०१२ साली इंटेलनंच लिहून ठेवला. अर्ध्या-एक मीटरच्या केबलनं डोंगल लांब न्या, माऊस सुधारतो.

आता शाळा. टच पॅनेल भिंतीवर, संगणक गुरुजींच्या टेबलाशी, मध्ये दहा मीटर. चित्र एचडीएमआयनं जातं आणि नीट दिसतं. टच यूएसबीनं परत येतो आणि तो अधूनमधून गायब होतो. चित्र दिसतंय म्हणजे जोडणी बरोबर, असा निष्कर्ष काढून ठेकेदाराचा माणूस निघून जातो. बाई बोट फिरवतात, रेघ अर्धी उमटते, चौथीची पोरं हसतात. पुढच्या आठवड्यात बाई खडू उचलतात. अहवालात ‘शिक्षक तंत्रज्ञान वापरण्यास अनुत्सुक’ असं लिहिलं जातं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पॅनेलच्या मागे छोटा संगणक बसवला असता, बऱ्याच पॅनेलना त्यासाठी खास खाच असते, तर टचची वायर वीतभर लागली असती.

त्या बाईंना प्रशिक्षणाला पाठवण्याआधी निविदा काढणाऱ्यांना वायर मोजायला शिकवा. निविदेत पॅनेलचे इंच असतात, रॅमचे जीबी असतात, वॉरंटीची वर्षं असतात. केबलच्या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार’ एवढंच असतं. त्या एका शब्दात ठेकेदाराला पाहिजे ते बसतं. तो शब्द खोडा. लिहा, की यूएसबी केबल पाच मीटरच्या आत आणि सलग, वीजतारा शुद्ध तांब्याच्या, २४ गेज किंवा त्याहून जाड, आणि अंतर जास्त असेल तर अडॅप्टरसह एक्स्टेंडर, त्याचा प्रकार नाव घेऊन. आणि बिल पास करण्याआधी भरल्या वर्गात, पंखे, दिवे, मोटार सगळं चालू असताना, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पॅनेल चालवून दाखवायला सांगा. सही त्या दिवशी संध्याकाळी, आणि पहिली सही वर्गशिक्षकाची.